न मारलेली हाक

पत्र असं आहे:

"आमचा सगळा गोतावळा प्राणीवेडा आहे. नणंदेकडे कुत्रा, दिरांकडे दोन मांजरं, इमारतीत दर दुसऱ्या दारामागे कोणीतरी भुंकत असतं. आमच्याकडे काही नाही, कारण मी नको म्हणते. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं त्यावर स्वतःच तोडगा काढला. टॅबलेटवर एक मांजर पाळलं. नाव गोळू. आठ महिने एक दिवस न चुकता त्याचं खाणंपिणं, अंघोळ, खेळणं, झोपवणं. मागच्या आठवड्यात आम्ही चार दिवस रेंज नसलेल्या ठिकाणी गेलो होतो. परत येऊन बघतो तर पडद्यावर रिकामी टोपली आणि खाली वाक्य, 'गोळू घर सोडून गेला.' दोन दिवस पोरगी धड जेवली नाही. तिनं त्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलंय. नणंद म्हणाल्या, 'खोट्या मांजरासाठी कसलं रडायचं, खरं आणून द्या तिला.' नवरा म्हणतो, आठ महिने सांभाळलं म्हणजे ती परीक्षा पास झाली. खरं मांजर आलं तर सगळं मलाच करावं लागणार हे मला लख्ख दिसतंय, आणि मला ते मनापासून नकोय. या सगळ्या प्रेमळ माणसांत मी एकटीच दगड आहे का? आणि ते ॲप ठेवू की काढून टाकू? – एक दगड"

प्रिय दगडताई,

सही वाचून हसू आलं. पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र ती सही तुम्हाला शोभत नाही असं वाटलं. पोरगी किती दिवस धड जेवली नाही याचा हिशोब दगड ठेवत नाहीत.

आधी मुलीचं बघू, बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल. नणंदेनं ते वाक्य प्रेमापोटीच म्हटलं असणार, पण मुलीच्या कानावर ते पुन्हा पडू देऊ नका. सकाळी डोळे उघडल्यावर ज्याची पहिली आठवण यायची ते आता नाही, एवढंच तिला कळतंय, आणि त्यात खोटं काही नाही. मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. सोनी कंपनीनं 1999 साली जपानमध्ये 'आयबो' नावाचा यंत्रकुत्रा विकायला काढला. 2006 मध्ये तो बनवणं थांबलं आणि 2014 मध्ये कंपनीनं त्याची दुरुस्तीही बंद केली. मग बंद पडलेल्या आयबोंचे सुटे भाग काढून दुसऱ्या आयबोंना बसवायला सुरुवात झाली, आणि भाग काढण्याआधी चिबा प्रांतात इसुमी इथल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात त्यांच्यासाठी रीतसर प्रार्थना होऊ लागल्या. ओळीनं मांडलेले प्लास्टिकचे कुत्रे, प्रत्येकावर तो कुठून आला, कोणाच्या घरचा, याची चिठ्ठी, आणि समोर मंत्र म्हणणारे पुजारी. ते कुत्रे पाठवणारी माणसं चांगली शहाणीसुरती. आत मोटर आणि बॅटरी आहे हे त्यांना तुमच्याआमच्याइतकंच ठाऊक होतं. तरी तो असाच कचऱ्यात टाकणं त्यांच्या जिवावर आलं. तुमच्या मुलीनं फ्रिजवर चित्र लावलं, हे त्याच जातीचं आहे.

माझा राग आहे तो 'गोळू घर सोडून गेला' या वाक्यावर. 1996 च्या नोव्हेंबरात जपानमध्ये तामागोची निघालं, अंड्याएवढं, साखळीला अडकवायचं, छोट्या पडद्यावर जीव पाळायचं खेळणं. त्यातला जीव मेला की जपानी पडद्यावर थडगं आणि भूत दिसायचं. बाहेरच्या देशांत विकताना थडगं गेलं आणि देवदूत आला. पुढे 2005 मध्ये निंतेंडो या जपानी कंपनीनं कुत्र्याच्या पिल्लांचा व्हिडिओ गेम आणला, त्यातली पिल्लं मरत नाहीत, मोठीही होत नाहीत, हेळसांड झाली की पळून जातात. लहान मुलांना मरण कशाला दाखवा, असा विचार असणार. पण मुलाच्या बाजूनं बघा. मेलं म्हटलं की रडून मोकळं होता येतं. सोडून गेलं म्हटलं की 'का गेलं?' हा प्रश्न मागे राहतो, आणि त्याला मुलाकडे एकच उत्तर असतं, मी नव्हते म्हणून. दोन दिवसांचं जेवण या उत्तरानं खाल्लंय, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा तिला जवळ घेऊन सरळ सांगा. अमुक इतके तास कोणी ॲप उघडलं नाही तर ही टोपली आणि हे वाक्य दाखवायचं, असं कोणीतरी ऑफिसात बसून आधीच लिहून ठेवलं होतं. गोळू उपाशी राहिला नाही, दारात वाट बघत बसला नाही, तिच्यावर रुसला नाही. नऊ वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं. आणि रेंज नसलेल्या ठिकाणी जायचं मोठ्यांनी ठरवलं होतं, तिनं नव्हे, हेही स्वतःच्या तोंडानं सांगा. काही खेळांत पैसे भरले की गेलेला प्राणी परत येतो. तुमच्या ॲपमध्ये तशी सोय असेल तर मी तरी भरणार नाही. एकदा भरलेत की पुढच्या सहलीच्या आधीच तिच्या पोटात गोळा येईल. (शब्दखेळ ठरवून केलेला नाही.)

आता तुमच्या यजमानांची परीक्षा.

त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. आठ महिने रोज एखादी गोष्ट न विसरता करणं त्या वयात सोपं नसतं. माझं स्वतःचं सकाळचं फिरणं तीन आठवड्यांच्या पुढे कधी गेलेलं नाही. पण परीक्षा झाली भलत्याच विषयाची.

तामागोचीची साथ आली तेव्हा माझ्या भाच्याकडेही एक होतं. त्याच्या शाळेत त्यावर बंदी आली, म्हणून दिवसभर ते माझ्या ऑफिसातल्या टेबलाच्या खणात मुक्कामाला असायचं. तीन बटणं, करडा पडदा आणि त्यात चौकोनी ठिपक्यांचा एक जीव. भूक लागली की पीप. घाण केली की पडद्याच्या कोपऱ्यात वाफाळता ढीग, बटण दाबलं की साफ. कधीकधी काहीएक नको असताना उगाच हाक मारायचं, तेव्हा त्याला रागे भरायचं निराळं चित्र पडद्यावर होतं. मीटिंग चालू असताना खण वाजला की मी खोकल्याचं निमित्त करून उठायचे. 1997 मध्ये इग नोबेलवाल्यांनी, म्हणजे हसवणारी नोबेल पारितोषिकं देणाऱ्यांनी, अर्थशास्त्राचं पारितोषिक तामागोचीचे जनक अकिहिरो योकोई आणि अकी माइता यांना दिलं. माणसांच्या कामाचे लाखो तास आभासी प्राणी पाळण्याकडे वळवल्याबद्दल. त्यात माझेही थोडे तास जमा असतील.

पण त्या खणातल्या जीवानं मला कधी कोड्यात टाकलं नाही. सगळा कारभार हाकेचा. ते बोलवायचं, मी जायचे, बटण दाबायचे. तुमच्या गोळूचंही तसंच असणार. डोक्यावर भुकेची पट्टी, आनंदाची पट्टी, आणि पट्टी उतरली की टॅबलेटवर घंटी, 'गोळूला तुझी आठवण येतेय.'

खरं मांजर असं काही म्हणत नाही. माझ्याकडे एक होतं, सोळा वर्षं. एका उन्हाळ्यात ती कपडे धुण्याच्या मशीनच्या मागे जाऊन बसायला लागली. मला वाटलं, फरशी गार लागते म्हणून बसते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटी धुवायला घेतली तेव्हा खाण्यावर कडक साय धरली होती. म्हणजे ती वाटीपाशी यायची, वास घ्यायची आणि वळून जायची, आणि मी स्वयंपाकघरातून ते बघूनही बघत नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं कधी जेवली?" मला उत्तर देता आलं नाही. सोळा वर्षं एका घरात काढूनसुद्धा. मांजर दोनतीन दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि मूळ दुखणं बाजूला राहून नवंच जिवावर बेततं, हे मला त्या दिवशी त्या खोलीत कळलं. ती वाचली. पण तिनं हाक म्हणून मारली नव्हती. दुखत असलं की मांजर ओरडत नाही, लपतं.

तुमच्या मुलीनं आठ महिन्यांत हाकेला ओ द्यायला शिकून घेतलंय. खऱ्या जनावराच्या घरी लागतं ते न मारलेली हाक ऐकू येणं. बोका वाळूत चारचारदा जाऊन बसतोय आणि लघवी होत नाहीये, ही ताबडतोब डॉक्टरकडे पळायची वेळ असते, आणि त्याच्या डोक्यावर लाल पट्टी वगैरे काही दिसत नाही. हे नऊ वर्षांच्या मुलीकडून मागायचं नसतं. 'मुलीसाठी मांजर' असं काही नसतंच मुळी. मांजर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाचं असतं आणि मूल त्याच्याशी खेळतं. ते मोठं माणूस तुमच्या घरात कोण असणार हे तुम्ही पत्रात लिहिलंच आहे, आणि त्या माणसाला ते नकोय.

तेव्हा परीक्षा घ्यायचीच असेल तर यजमानांची घ्या. नणंद गावाला जाणार असतील तेव्हा त्यांचा कुत्रा पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवून घ्या. उजाडायच्या आत त्याला बाहेर नेणं, त्याची घाण उचलणं, पावसात पुन्हा नेणं, रात्री ओकारीचा तो ठरावीक आवाज आला की झोपेतून उठून आधी गालिचा ओढणं, हे सगळं त्यांचं. तुम्ही हात लावायचा नाही. आणि आठवणही करून द्यायची नाही, हे तुम्हाला हात न लावण्याहून जड जाणार आहे. "अहो, त्याला पाणी ठेवलंत का?" असं एकदा जरी विचारलंत तरी ती हाक तुमची झाली आणि परीक्षा बाद झाली. पंधरा दिवसांनंतर ते स्वतःहून म्हणाले की मांजर माझं, मी बघतो, तर मग पुढे बोलू. माणसं कधीकधी आश्चर्याचा धक्का देतात. तसं झालंच तर मांजर आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी दिरांकडे दोनचार दुपारी काढा, कोणाला शिंका, दमा असं काही उठतंय का ते कळेल. बिनकेसाचं आणू म्हणजे त्रास नाही, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. मांजराची ॲलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची असते.

एक हिशोबही यजमानांसमोर मांडा. घरातलं मांजर बारा ते अठरा वर्षं सहज जगतं, विशी गाठणारीही असतात. मुलगी आज नऊ वर्षांची. मांजर म्हातारं होईल, त्याला दिवसातून दोनदा गोळ्या भरवाव्या लागतील, तेव्हा ती पंचविशीच्या आसपास असेल आणि बहुतेक दुसऱ्या गावात. आज 'तिच्यासाठी' म्हणून आणलेलं जनावर तेव्हा कोणाच्या उशाशी असेल?

राहिला दगडाचा प्रश्न. माझ्या ओळखीत असं एक तरी घर आहे जिथे सगळ्यांच्या आग्रहाखातर कुत्रं आणलं, तिसऱ्या महिन्यात आग्रह करणारे पांगले, आणि जिनं 'नको' म्हटलं होतं ती आजही त्याला फिरवते. चिडत फिरवते. त्या कुत्र्यालाही ते कळतं, दाराशी पट्टा काढला की ते आधी तिच्या तोंडाकडे बघतं. प्राणीवेड्या गोतावळ्यात 'नको' म्हणायला जीव घट्ट करावा लागतो, कारण तिथे प्रेम मोजायचं माप एकच असतं, तुमच्याकडे किती आहेत? घरातलं एक मोठं माणूस मनापासून नको म्हणत असेल तर त्या घरात जनावर आणू नये, या माझ्या मताला मी आजवर अपवाद केलेला नाही. तुम्ही नाही म्हणताय ते एका न आलेल्या मांजराच्या बाजूनंच म्हणताय, तसं नणंदेला सांगून बघा. प्राणीप्रेमी माणसाला ही भाषा समजते.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगा, त्यांना आवडेल. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी 'पारो' नावाचा मऊ केसाळ यंत्रप्राणी बनवला. कुरवाळलं की डोळे मिटतो, आवाज काढतो. अमेरिकेत 2009 मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. तर शिबातांनी आधी कुत्रामांजर करून बघितलं होतं. लोक लगेच ताडून बघायचे, आमचं मांजर असं नाही करत, आमच्या कुत्र्याचे कान असे नसतात. म्हणून त्यांनी सीलचं पिल्लू घेतलं. सीलचं पिल्लू मांडीवर घेतलेलं माणूस विरळाच, त्यामुळे तुलना संपली. नणंदेनं गोळूला आपल्या घरच्या जनावरांशेजारी उभं केलं, त्यामुळे तो खोटा ठरला. मुलीनं त्याला कोणाशेजारी उभंच केलं नव्हतं.

याची उलट बाजू मला जास्त काळजीची वाटते. तिला मांजर म्हणजे गोळू माहीत आहे. पडद्यावर बोट ठेवलं की येणारा, पोटाला गुदगुल्या केल्या की लोळणारा. उद्या खरं मांजर आलं तर ते दिवसातले बारापंधरा तास झोपणार, हाक मारली की फक्त कान वळवणार, पोटाला हात लावला तर बोचकारणार आणि पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन बसणार. गोळूशेजारी उभं केलं तर खरं मांजर नापास होईल, आणि नापास झालेलं खरं मांजर ॲपसारखं बंद करता येत नाही. गोळूच्या बाजूनं एवढं म्हणावंच लागेल की तो तीन महिने विसरला गेला असता तरी कोणाच्या पोटात भूक उठली नसती.

म्हणून आणायचं-नाही-आणायचं बाजूला ठेवून मुलीला आठवड्यातून एकदा दिरांकडे पाठवा. अट अशी की अर्धा तास नुसतं बसायचं, मांजराला बोलवायचं नाही, उचलायचं नाही, मागे जायचं नाही. वहीत लिहायचं, ते कुठे बसलं, शेपटी कशी होती, कान कुठल्या आवाजाला वळले, किती वेळा पाणी प्यालं. पहिल्यांदा ती दहा मिनिटांत कंटाळेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बहुधा असं होईल की मांजरच उठून येईल, जरा अंतरावर बसेल आणि डोळे सावकाश मिटून उघडेल. तिलाही तसेच सावकाश मिटून उघडायला सांगा. मांजरांच्यात त्याचा अर्थ बरा असतो. आणि एखाद्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "'काका, तुमचं धाकटं आज पाणीच प्यालं नाही,' असं मी काकांना सांगून आले," तर त्या दिवशी मला पत्र टाका.

ॲप काढू नका. काढलंत तर तुम्हीही नणंदेच्याच बाजूच्या, असं तिला वाटेल. फक्त नोटिफिकेशन बंद करा, घंटी नको. नवं मांजर घ्यायचं की नाही, त्याला गोळू म्हणायचं की दुसरं काही, हे तिचं तिला ठरवू द्या. घेतलंच, तर उघडायची वेळ तिची. महिन्याभरात विसरली तर विसरू द्या, तुम्ही मात्र गुपचूप जाऊन त्याला खाऊ घालू नका. (तुम्ही घालाल, अशी मला दाट शंका आहे.)

फ्रिजवरचं चित्र राहू द्या. आणि गोळूचा रंग कोणता होता ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. आज रात्री झोपताना मुलीला विचारा, आणि मलाही कळवा.